घाटाखालचं मीठ

बुलढाणा जिल्ह्यात गाव ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’, एवढं कळलं की जमिनीचा स्वभावही कळतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार; तिथे काळा बेसॉल्ट पाषाण आणि मुरूम. घाटाखाली नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. तिथे पूर्णा नदीचा खोल गाळ आणि खारपाणपट्टा. हे कशाने घडलं, याची तीन उत्तरं तयारच असतात: भूखंडांचं सरकणं, हवामान आणि समुद्राची पातळी. पण खडक वाचणाऱ्याने कारणाचं नुसतं नाव घेतलं, एवढ्याने भागत नाही. ते कारण या जागेपर्यंत कोणत्या वाटेने पोचलं, हे दाखवता आलं पाहिजे. माझ्या मते या कामातली सचोटी तीच.

भूखंडाच्या प्रवासाची वाट दाखवता येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. या क्षेत्राचा क्षितिजाशी होणारा कल अक्षांशाप्रमाणे बदलतो. दख्खनच्या बेसॉल्टमधला कल मोजला, तर ही भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर असल्याचं दिसतं. आज बुलढाणा उत्तरेला साडेवीस अंशांवर आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास. चुंबकीय ध्रुवांची तर अदलाबदल होते, मग या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा, असं कुणी विचारेल. ध्रुव उलटले की दिशा उलटते, कलाचा तीव्रपणा तोच राहतो. शिवाय लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि आजही धगधगणारं रियुनियन अशी ज्वालामुखींची माळ समुद्रतळावर त्याच प्रवासाची वेगळी साक्ष देते.

हवामानाची खूण लाव्हाच्या दोन थरांमधल्या गेरूसारख्या लाल पट्ट्यांत सापडते. पुढचा लाव्हा येईपर्यंत आधीचा खडक ऊनपावसात कुजला, त्यातलं लोह गंजलं आणि वरच्या थराने ती माती भाजून झाकली. भूखंडाने खडक दिला. त्याची माती हवामानाने केली.

समुद्राच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. खारपाणपट्टा पाहिला की ‘इथे पूर्वी समुद्र होता’ हे उत्तर सहज सुचतं. पण घाटाखालची जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास आहे. पृथ्वीवरचं सगळं बर्फ वितळलं तरी समुद्र सत्तरेक मीटरच चढेल. शेवटच्या हिमयुगात तर तो आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. जमीनच नंतर वर उचलली गेली असेल, हा आक्षेप वजनदार आहे. पण सातपुडा आणि अजिंठा रांगेमधलं हे खोरं खचत गेलं आणि नदीच्या गाळाने भरत गेलं. मग मीठ आलं कुठून? उत्तर याच जिल्ह्यात, घाटावर आहे. लोणारचं सरोवर बेसॉल्टमध्ये, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर; काठावर गोड्या पाण्याची धार, तरी सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. कारण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. खडकातून सुटलेले आणि पावसाने आणलेले क्षार मागे राहतात, पाणी उन्हात उडून जातं. लोणार उल्काघातातून झालं, म्हणून ते उदाहरण वेगळं, असं म्हणता येईल. पण उल्केने फक्त वाडगा दिला. मीठ साठवलं ते ऊन आणि अडलेल्या निचऱ्याने. पूर्णेच्या खोऱ्याला चांगदेवजवळ तापीकडे वाट आहे, म्हणून ते लोणार झालं नाही. पण सपाट उतार, चिकण गाळ आणि कोरडे महिने यांनी तेच काम तिथे मंद गतीने केलं, असा माझा तर्क आहे. गाळातले चुनखडीचे गोटे बाष्पीभवनाची हीच गोष्ट सांगतात. समुद्राचा हात इथे दुरून लागतो, मोसमी ढगांतून.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. समुद्राने मागे ठेवलेलं मीठ ही संपलेली गोष्ट ठरते आणि क्षारांनी बिघडलेली चोपण जमीन नशिबाची बाब होते. ऊन आणि निचऱ्याचं मीठ आजही साचतं आहे. आपण पाणी कसं देतो आणि ते कुठून बाहेर काढतो, यावर ते वाढतं किंवा घटतं. खडकाचं चुकीचं वाचन शेतकऱ्याला हातावर हात ठेवून बसवतं. बरोबर वाचन त्याला शेताचा चर खोदायला सांगतं.