साओ पाउलोतील जेवणाचे ताट

शिक्षणासाठी साओ पाउलोत राहताना ब्राझीलची ओळख मला प्रथम विद्यापीठाच्या भोजनालयात झाली. रोज दुपारी भात आणि ‘फेजाँव’, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची रसदार उसळ. गरीब-श्रीमंत सर्वांचे हेच अन्न, आपल्या वरणभातासारखे. वर भुरभुरलेली ‘फारोफा’ मात्र कसाव्याच्या पिठाची. ज्याचा आपण साबुदाणा करतो, तोच हा कंद. म्हणून ती मला वर्ज्य. उसळीतही अनेकदा डुकराचे मांस पडते. ‘मांस आहे का?’ असे विचारल्यास कित्येकदा ‘नाही’ असे उत्तर येते, कारण चवीपुरता घातलेला तुकडा मांसात गणला जात नाही. तेव्हा ‘यात काय काय घातले आहे?’ असेच विचारावे लागते.

या चौकशीने दुरावा येईल, अशी धास्ती होती, घडले उलटे. सहाध्यायी कुतूहलाने कारण विचारीत, अहिंसेविषयी ऐकून घेत आणि घरी बोलावताना माझ्यासाठी उसळ वेगळी शिजवीत. आठवडी बाजारातील उसाचा ताजा रस, पपया आणि पेरू यांची वाट त्यांनीच दाखविली. आपला नियम संकोच न करता, नम्रपणे सांगितला, की तो सांभाळावयास परकी माणसेही हातभार लावतात. परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींनी एवढे अवश्य ध्यानी ठेवावे.