एक हजार केसपेपर

गेल्या वर्षी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी एका परीक्षेत नापास झाले. विषय संख्याशास्त्राचा होता. शंभरपैकी ३१ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यास ४० हवे होते. गुणपत्रिका मी दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात, जुन्या केसपेपरांच्या खाली ठेवली आणि दोन दिवस घरात कोणालाही सांगितले नाही. मुलांच्या गुणपत्रिकांवर सही करताना भुवया उंचावण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या बाईने या वयात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव का घालावे, असे आपल्या मनात येईल. कारण होते दवाखान्यातली गर्दी. एका सोमवारी तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेली एक आई पावणेदोन तास थांबून, न दाखवताच निघून गेली. मला ते संध्याकाळी कळले. माझा एक भाचा अभियंता आहे. त्याने सहज सांगितले, की रांगांचेही शास्त्र असते आणि ते ऑपरेशन्स रिसर्च या विषयात शिकवतात. शनिवारी-रविवारी वर्ग भरणारी दोन वर्षांची पदविका होती, बारावीला गणित असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालत होता. माझे गणित पस्तीस वर्षांपूर्वीचे, पण होते.

ऑपरेशन्सचा कोर्स म्हणताच आमच्या कंपाउंडरला वाटले, की बाई आता शस्त्रक्रिया करू लागणार. वास्तविक हा शब्द लष्करी मोहिमांवरून आला. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट या पदार्थवैज्ञानिकासारखी माणसे ब्रिटनमध्ये अशा प्रश्नांवर बसली होती, की पाणबुड्यांपासून वाचण्यासाठी मालवाहू जहाजांचे तांडे लहान असावेत की मोठे. नवी शस्त्रे न बनवता, आहेत तीच नीट कशी वापरावीत, हा त्यांचा विषय. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याला याहून जवळचा विषय कोणता असणार?

वर्गात मात्र पहिल्याच महिन्यात माझी दमछाक झाली. भोवती माझ्या मुलांच्या वयाचे विद्यार्थी. फळ्यावर मॅट्रिक्सच्या ओळीच्या ओळी. सरांनी एकदा आहाराचे प्रसिद्ध उदाहरण घेतले. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली, एका माणसाला वर्षभर पुरेसे पोषण सर्वांत स्वस्तात कसे मिळेल, याचे गणित मांडले होते. उत्तर आले गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे; १९३९च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. पुढे १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगच्या सिम्प्लेक्स पद्धतीने तेच गणित तपासले, तेव्हा हातयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्या नऊ जणांचे मिळून १२० दिवस गेले. मला धीर यावा म्हणून सरांनी हे सांगितले असावे. आयुष्यभर आहाराचे तक्ते लिहून देणाऱ्या मला ते गणित चार रविवार सुटले नाही. (असले जेवण आमच्या घरी तिसऱ्या दिवशी परत आले असते, हा भाग वेगळा.)

सर प्रत्येक पायरीनंतर विचारत, ‘‘समजलं ना?’’ आणि मी मान डोलवी. न समजताही डोलवी. तरुण मुलांसमोर, ‘‘नाही समजलं,’’ म्हणण्याची लाज वाटे, सरांचा वेळ जातो असेही वाटे, आणि घरी जाऊन वाचू, अशी एक खोटी आशा असे.

अशाच एका रविवारनंतरच्या सोमवारी सत्तरीचे एक मधुमेही आबा समोर बसले होते. गोळ्या समजावून मी नेहमीप्रमाणे म्हटले, ‘‘समजलं ना, आबा?’’ त्यांनी मान डोलावली. ती मान मी ओळखली. ती माझीच होती. मी म्हटले, ‘‘मग मला सांगा बघू, कसं घ्यायचं ते.’’ आबा म्हणाले, ‘‘जेवण झालं नाही झालं, गोळी चुकवायची नाही.’’ ही गोळी जेवण चुकवून घेतली, तर साखर इतकी उतरू शकते, की माणूस बेशुद्ध पडावा. ‘‘गोळी चुकवायची नाही,’’ हे वाक्य माझेच होते. त्याच्या पुढचे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्या दिवसापासून मी, ‘‘समजलं ना?’’ हा प्रश्न सोडून दिला. आपणही डॉक्टरांपुढे बसाल, तेव्हा ऐकलेले एकदा आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. डॉक्टरांना घाई असली, तरी म्हणा.

रांगांचे प्रकरण मात्र मला लगेच आवडले. त्याचा उगम कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला. तेथे एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली येणाऱ्या कॉलचे गणित मांडले. माझ्या दवाखान्याचे आकडे त्यात घालून पाहिले. एका रुग्णाला सरासरी सहा मिनिटे लागतात, म्हणजे मी तासाला दहा जणांना तपासू शकते. रुग्ण केव्हाही येतात आणि कोणाला दोन, तर कोणाला पंधरा मिनिटे लागतात, असे धरू. तासाला आठ रुग्ण आले, तर प्रत्येकाला सरासरी २४ मिनिटे थांबावे लागते. नऊ आले, तर ५४ मिनिटे. आणि साडेनऊ आले, तर ११४ मिनिटे! अर्धा रुग्ण वाढला आणि प्रतीक्षा दुपटीहून अधिक झाली. ‘एवढा एक घेते आणि उठते,’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे गणित एकदा करून पाहावे. नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्येच इंग्लंडमधील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी सुचवले होते, की आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने वेळा द्याव्यात. मी तसे सुरू केले आणि केवळ रक्तदाब मोजण्यासाठी येणाऱ्यांना दुपार दिली. सोमवार अजूनही बिघडतो. पण तापाची मुले आता बाकावर तासभर राहत नाहीत. या पेपरात मला ४७ गुण मिळाले.

नापास झाले ते संख्याशास्त्रात, आणि ज्या प्रश्नावर कोसळले तो प्रश्न चक्क वैद्यकीय चाचणीचा होता. आजार हजारात दहा जणांना आहे. चाचणी दहा आजाऱ्यांपैकी नऊ जणांना पकडते, पण दहा निरोग्यांपैकी एकालाही आजारी ठरवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखातून निघालेले हे गणित. परीक्षागृहात माझ्या छातीत धडधडू लागले; नाडी मोजली, ११२ भरली. सूत्र आठवेना. डॉक्टर म्हणून उत्तर लिहिले: नव्वद टक्के.

निकालानंतर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा माझा एक सहाध्यायी म्हणाला, ‘‘मॅडम, सूत्र सोडा. हजार माणसं घ्या आणि मोजा.’’ हजार माणसे माझ्या कपाटात होती. रविवारी दुपारी दवाखान्याच्या फरशीवर मी एक हजार जुने केसपेपर मांडले. दहा बाजूला काढले: हे आजारी. त्यांतल्या नऊंवर लाल खूण केली. उरलेल्या ९९० मधले दर दहावे मोजत गेले आणि ९९ केसपेपरांवर तशीच लाल खूण केली. लाल खुणेचे सगळे गोळा केले, तर १०८ झाले. त्यांत खरे आजारी नऊ. बारांत एक.

मी त्या गठ्ठ्याजवळ बराच वेळ बसून राहिले, कारण मला एक बाई आठवल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी गावातल्या एका शाळेच्या शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. वय ३८. छातीत दुखणे नाही, दम नाही, मधुमेह नाही, रक्तदाब उत्तम. शहरात सवलतीच्या दरातल्या आरोग्य तपासणीत ट्रेडमिलची चाचणीही होती आणि ती पॉझिटिव्ह आली होती. तक्रार नसलेल्या तरुण स्त्रियांत ही चाचणी पुष्कळदा उगाच पॉझिटिव्ह येते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तरी मी म्हणाले, ‘‘पॉझिटिव्ह आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय.’’ अँजिओग्राफी होईपर्यंत पाच आठवडे गेले. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मी हसून म्हटले, ‘‘सुटलात!’’ आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

येथे गैरसमज नको. वरचे आकडे गणितापुरते आहेत, ट्रेडमिलचे नव्हेत. आणि हेच गणित उलटही फिरते. चालताना छातीत दुखणारे, मधुमेह असलेले साठीचे हजार जण घ्या, त्यांत निम्म्यांना आजार आहे असे धरा. तीच चाचणी ५०० पैकी ४५० आजारी पकडेल आणि ५० निरोग्यांना चुकून. म्हणजे तेथे पॉझिटिव्ह ठरलेल्या दहांतले नऊ खरेच आजारी. चाचणी तीच, अहवालावरची शाई तीच. ती कोणाची, हे आधी पाहावे लागते. छातीत दुखते त्याने हा लेख वाचून घरी बसू नये.

सहा महिन्यांनी मी पुन्हा परीक्षेस बसले आणि ५४ गुण मिळवून सुटले. त्यानंतरच्या रविवारी त्या बाईंच्या घरी गेले. त्यांना वाटले, शाळेच्या आरोग्य शिबिराबद्दल आले आहे. मी पिशवीतून कागद काढून १००० आणि १०८ आणि ९ लिहून दाखवले आणि म्हटले, ‘‘बाई, तेव्हा मला हे सांगता आलं नाही. माझी चूक झाली.’’

त्यांनी कागद निरखून पाहिला. शिक्षिकाच त्या, बेरीज तपासली. मग म्हणाल्या, ‘‘पण डॉक्टर, या एकशेआठांत मी कुठे आहे, हे तेव्हा कळलं असतं का?’’

‘‘नाही. पुढची तपासणी करावीच लागली असती.’’

‘‘मग भीती वाटलीच असती.’’

‘‘वाटली असती.’’

त्या चहा ओतत होत्या. आतल्या खोलीत त्यांचा सात वर्षांचा मुलगा मोठ्याने पाढे म्हणत होता. तिकडे पाहत त्या म्हणाल्या, ‘‘ते पाच आठवडे मी याला एकदाही कडेवर घेतलं नाही. तीन वर्षांचा होता. हृदयावर ताण येईल म्हणून. बारांत एक म्हणाला असतात, तर घेतलं असतं.’’