मेणवलीचा घाट आणि पाण्याचे दोन डबे

मेणवलीला याआधी मी चार वेळा जाऊन आले होते. दोनदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर, एकदा महाबळेश्वरहून परतताना आणि एकदा दिल्लीच्या मैत्रिणीला 'स्वदेस'मधला घाट दाखवायला. चारही वेळा सेम कार्यक्रम. पायऱ्या उतरायच्या, फोटो काढायचे, घंटेपाशी फोटो काढायचे आणि वाईत येऊन काहीतरी खायचं. मोबाइलमध्ये दीडेकशे फोटो पडून आहेत. तरी पाचव्या खेपेला निघताना मामानं विचारलं, ''घाटाच्या पायऱ्यांचा रंग कोणता गं?'' तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, ''काळा!''

मामा नुसता हसला.

मामा बँकेतून रिटायर झालाय आणि गेली तीस वर्षं दर रविवारी वॉटरकलर करतो. प्रदर्शन वगैरे भानगड नाही. नातेवाइकांच्या लग्नात आहेर म्हणून चित्रं देतो, एवढंच. गेल्या दोन वर्षांत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, गुरुवारची. त्याआधीच्या शनिवारी त्याला मेणवली करायची होती आणि ऑपरेशननंतर तिथंच बसून तेच चित्र पुन्हा. ''म्हणजे कळेल ना, कुठला डोळा खरं बोलतोय!'' गाडी आता तो चालवत नाही, म्हणून ड्रायव्हर मी. पण अट होती. तिथं जाऊन मोबाइल चाळत बसायचं नाही, चित्र काढायचं.

मी शेवटचं चित्र सातवीत काढलं होतं. डोंगर, दोन डोंगरांमधून सूर्य, चार आकडी पक्षी. मग काय, शुक्रवारी संध्याकाळी अप्पा बळवंत चौक! मला वाटलं होतं, रंगांची भलीमोठी पेटी घेऊ, छत्तीस शेड्सची. मामानं ती हातातून काढून परत ठेवली आणि आधी कागद बघायला लावला. वॉटरकलरमध्ये पैसे खर्च करायचे तर कागदावर, हा त्याचा पहिला नियम. साध्या ड्रॉइंग पेपरवर पाणी पडलं की तो उन्हातल्या पापडासारखा वर येतो. आपल्याला हवा तो 300 जीएसएमचा, किंचित खरबरीत, 'कोल्ड प्रेस्ड' असं लिहिलेला. आणि हातकागद दिसायला देखणा म्हणून लगेच उचलायचा नाही. त्याला नीट सायझिंग, म्हणजे खळ दिलेली नसेल, तर तो टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो आणि मग तुम्ही काहीही करा, चित्र मळकटच.

ब्रश तीनच घेतले. बारा नंबरचा गोल, सहा नंबरचा गोल आणि एक इंची चपटा. तिन्ही सिंथेटिक. मला शून्य नंबरचा बारीक ब्रश हवा होता, नाजूक कामाला. ''तो घेतलास की तू खिडकीचे गज काढत बसशील,'' मामा म्हणाला. रंगाच्या ट्यूब सहा : लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमझन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. काळा नाही. पांढराही नाही! पांढरा म्हणजे कागद. जिथं पांढरं हवं तिथं रंग लावायचाच नाही. शाळेत आपण पोस्टर कलर वापरतो, त्यात चुकलं की वरून पांढरा फासता येतो. इथं रंग पारदर्शक, खालचा कागद त्यातूनच उजळतो. त्यामुळे झाकपाक नाही. सगळं मिळून बिल मल्टिप्लेक्समधल्या एका संध्याकाळीएवढं झालं. पॉपकॉर्न धरून.

पुण्याहून मेणवली साधारण नव्वद किलोमीटर. साताऱ्याच्या रस्त्यानं खंबाटकी ओलांडायचा, सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, वाई आली की पुढे तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचं हे गाव. घाट आणि वाडा त्यांचाच, वाड्याच्या भिंतींवर पेशवेकालीन चित्रं आहेत. पेशवाईचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे गाव घाटापेक्षा 'मेणवली दप्तरा'साठी ठाऊक असतं. नानांच्या कारभाराचे हजारो कागद इथे होते. मामाला याचं भारी कौतुक. ''बघ, चांगला कागद किती टिकतो!''

घाटावर पोचलो तेव्हा आठ वाजले होते. डिसेंबरची थंडी, कृष्णेवर हलकं धुकं, दोन बाया धुणं धूत होत्या. मी सवयीनं घंटेच्या छोट्या देवळाकडे निघाले. ही घंटा पोर्तुगीज चर्चमधली, 1739च्या वसईच्या मोहिमेनंतर इथं आली असं सांगतात. मामानं मला परत बोलावलं. आधी सावलीतली जागा शोधायची. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो, रंगाचा अंदाज चुकतो आणि ब्रश टेकायच्या आत रंग वाळतो.

कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपनं बोर्डावर चिकटवल्या. बोर्डाच्या वरच्या कडेखाली डबा ठेवून त्याला थोडा उतार दिला. पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. मला हे सोवळं-ओवळं प्रकरण वाटलं होतं. पण एकच डबा ठेवला की अर्ध्या तासात त्या पाण्याचा गढूळ चहा होतो आणि तोच चहा तुमच्या आकाशात उतरतो.

पेन्सिलीनं पाचच मिनिटं काम. घाटाचा अर्धगोल, देवळाचं शिखर, पाण्याची रेघ. मग वॉश. मोठ्या ब्रशात भरपूर पातळ रंग घ्यायचा आणि वरच्या कडेला आडवा एक पट्टा ओढायचा. उतारामुळे पट्ट्याच्या खालच्या काठाला रंगाचा थेंब साचतो, ओळीनं, मण्यांसारखा. पुढचा पट्टा त्या ओलाव्याला टेकवून ओढायचा, की थेंब खाली सरकतो. असं करत खाली यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. खाली येताना दर पट्ट्याला पाणी वाढवत गेलात, तर आकाश क्षितिजाकडे आपोआप फिकं होतं. झालं आकाश. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि तिथंच माती खाल्ली. डाव्या कोपऱ्यात रंग जरा कमी वाटला, म्हणून 'फक्त एकदा' ब्रश टेकवला. आकाश तेव्हा अर्धवट वाळलेलं. ब्रशातल्या पाण्यानं अर्धओल्या रंगाला ढकललं आणि कडेकडेनं नक्षीदार डाग उमटला, अगदी फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. ''कागदाची चमक बघायची,'' मामा म्हणाला. ''चकाकतोय तोवर रंगात रंग सोड, झाडं मस्त होतात. पूर्ण सुकला की वर दुसरा थर दे. पण चमक जाऊन नुसता गार लागतो ना, तेव्हा हात मांडीखाली ठेवायचे!'' थंडीत ही मधली वेळ लांबते. आम्ही थर्मासमधला चहा संपवला, दोन पारले-जीचे पुडे संपवले, तरी कागद गारच. सोमवार ते शुक्रवार 'एएसएपी' लिहिलेल्या मेल्सना उत्तरं देणाऱ्या माणसाला वीस मिनिटं नुसतं थांबणं किती अवघड जातं म्हणून सांगू!

पण त्या वीस मिनिटांत मी पायऱ्या बघितल्या. चार ट्रिपांमध्ये पहिल्यांदाच. ऊन पडलेली पायरी फिकट मातकट, जवळजवळ विटकरी. तिची उभी बाजू जांभळट राखाडी. पाण्याजवळची ओली पायरी गडद, तीही निळसर. काळी एकही नव्हती. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की असे किती तरी राखाडी मिळतात. निळा जास्त तर सावली, सिएना जास्त तर ऊन. ट्यूबमधला काळा लावला असता तर घाटाला भोक पडल्यासारखं दिसलं असतं. एक मात्र लक्षात ठेवायचं, ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणून मनातल्या रंगापेक्षा थोडा जास्तच जोरकस लावायचा. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून खरबरीत कागदावर भर्रकन ओढला की दगडाचा पोत येतो. हा प्रकार पहिल्याच दिवशी जमतो, आणि जमला की माणूस तो सगळीकडे करत सुटतो. मी केला. पाण्यावरही केला.

मामा शेजारी शांतपणे काम करत होता. मधूनच ट्यूब पुढे करायचा, ''ही सिएना ना? की अंबर?'' लेबल त्याला वाचता येत नव्हतं आणि रंगावरून ओळखताही येत नव्हतं. साडेदहाच्या सुमारास त्यानं विचारलं, ''निळा जास्त होतोय का?''

होत होता. पायऱ्या, झाडं, धुणं धुणारी बाई, सगळ्यात निळा झिरपला होता. तीस वर्षं ज्याची चित्रं भिंतीवर बघितली, त्या माणसाला काय सांगणार? मी जरा वेळ गप्प बसले. मग म्हटलं, ''हो रे मामा. बराच.''

त्यानं ब्रश डब्यात ठेवला. घाटाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. ''मला सगळं मातकट दिसतं गं. काच पिवळी पडल्यासारखं. डोक्याला माहितेय आकाश निळं आहे, म्हणून हात ओततच राहतो.'' क्लोद मोनेचंही असंच झालं होतं म्हणे. मोतीबिंदूच्या काळातली त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली आणि 1923 मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याला जग भलतंच निळं दिसायला लागलं. मी म्हटलं, ''टिश्यूनं टिपून थोडा उचलू या का निळा?'' ओला असेपर्यंत रंग तसा उचलता येतो.

''नको, राहू दे,'' मामा म्हणाला. ''आज दिसतंय तेच काढायला आलोय ना!'' आणि पुन्हा ब्रश भिजवला. त्या बाईनं खडकावर पसरलेलं पांढरं पातळ तेवढं त्यानं कोरं सोडलं होतं. एवढ्या निळाईत ते इतकं लखलखत होतं, की मी माझ्या चित्रात तिथं आधीच ऑकर फासून बसले होते याचा मला जाम राग आला.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही परत गेलो. तीच जागा, तेच डबे. या वेळी धुकं नव्हतं आणि माझं आकाश एकाच दमात, फुलकोबीशिवाय उतरलं. घरी आल्यावर मामानं दोन्ही मेणवल्या सोफ्यावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि कपाळावर हात मारला. ''बाप रे! अख्खा घाट निळीच्या बादलीत बुचकळून काढलाय मी!'' मग त्याला आठवलं, की मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीला लग्नात दिलेलं चित्रही याच काळातलं. लगेच फोन. ''ते परत दे, दुसरं करून देतो.'' ती द्यायला तयार नाही. तिच्या हॉलचे पडदे त्या निळ्याला मॅचिंग घेतलेत.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तोपर्यंत मामा खिडकीत बसून एकदा हा डोळा मिटतो, एकदा तो. समोरच्या बिल्डिंगची भिंत एका डोळ्यानं पांढरी दिसते, दुसऱ्यानं चहात बुडवल्यासारखी. आणि दर वेळी तो मामीला स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेर बोलावतो, जणू काही तिलाही ते दिसणार आहे.