वीस मिनिटं नळाखाली

ऑफिसात अ‍ॅसिड म्हटलं की आपल्याला आठवते ती कँटीनच्या मिसळीनंतरची अ‍ॅसिडिटी, नाहीतर बॉसची जीभ. खरं अ‍ॅसिड आपल्या क्युबिकलपासून चार पावलांवर असतं. वॉशरूमच्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक, यूपीएसच्या बॅटऱ्यांमध्ये सल्फ्युरिक. आपण त्याच्या वाटेला जात नाही, कारण त्यासाठी मावशी असतात, टेक्निशियन असतो.

गेल्या महिन्यात आमच्या मावशींच्या हातावर क्लीनर सांडलं, पार कोपरापर्यंत. हातमोजे? ते स्टोअरमध्ये, इंडेंट टाकल्यावर मिळणारे. मी आमच्या मजल्याची फर्स्ट-एडर (ट्रेनिंगला गेले होते फुकटच्या लंचसाठी, पण ते असो). हातात मोजे चढवले आणि त्यांचा हात सरळ नळाखाली धरला. तोवर मागे तज्ज्ञांचं पॅनल बसलंच. कुणी म्हणे टूथपेस्ट, कुणी हळद. एका इंजिनीअरने तर खायचा सोडाच शोधायला घेतला. न्यूट्रलाइज होईल ना यार! होईल की. पण त्या भानगडीत उष्णता निघते, ती भाजलेल्या कातडीवरच. आणि सोडा सापडेपर्यंत अ‍ॅसिड काही थांबत नाही.

पाणीच हवं. साधं, वाहतं. बर्फ नको. आणि किमान २० मिनिटं. कॉफी ब्रेकची वीस मिनिटं कशी भुर्रकन उडतात, नळाखालची जाता जात नाहीत. चौथ्या मिनिटाला मावशी म्हणाल्या, "झालं ताई, आता आग कमी आहे." आग कमी झाली तरी अ‍ॅसिड कातडीत काम करतच असतं. मी हात सोडला नाही. वाहत्या पाण्यातच एकेक बांगडी उतरवली, कारण खाली अ‍ॅसिड साचून राहतं आणि नंतर हात सुजला की बांगडी निघत नाही. बाही भिजली होती, ती कात्रीने कापायला घेतली तशा त्या पहिल्यांदा रडल्या.

"ताई, युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापतात हो."

बाही कापली.

डोळ्यात उडालं असतं तर? तो डोळा खालच्या बाजूला करायचा, म्हणजे पाणी दुसऱ्यात जात नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि तेवढाच वेळ धुवायचं. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढायची. चोळायचं मात्र नाही. १०८ ला फोन दुसऱ्या कुणीतरी करायचा, नळ सोडून नाही.

पाण्यानंतर हातावर स्वच्छ, सुका कपडा सैलसर गुंडाळला. मलम काहीच नाही. हॉस्पिटलमध्ये जाताना क्लीनरची बाटली पिशवीत घालून घेतली. डॉक्टरांनी आधी तिचं लेबलच वाचलं.

मावशींना आठवडाभर सुट्टी मिळाली, बिनपगारी. मोज्यांचा इंडेंट मी टाकलाय. अ‍ॅडमिनकडे मंजुरीसाठी पडून आहे.