नाकाने चालणारा माऊस

मानेच्या मणक्याला मार लागलेले पेशंट हिंगोलीत मी बरेच पाहिलेत. घरच्यांना मी दर वेळी तेच सांगतो: दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची नळी स्वच्छ ठेवा, सांधे हलवत राहा. पेशंटने दिवसभर करायचं काय, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

कळमनुरी तालुक्यातले एक गृहस्थ लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. शेळ्यांसाठी लिंबाचा पाला तोडताना पडले. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण हातपाय गेले. मान तेवढी हलते. वर्षभराने घरी तपासायला गेलो, तर समोर लॅपटॉप आणि पडद्यावरचा बाण त्यांच्या मानेबरोबर फिरतोय! मुलाने इंटरनेटवर शोधून बसवून दिलं होतं.

तुम्हाला वाटेल, महागडं यंत्र असेल. तसं नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजमध्ये तयार झालेलं 'कॅमेरा माऊस' हे मोफत सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपचा साधा कॅमेरा, बस्स. कॅमेऱ्याला नाक कळत नाही. सुरुवातीला कुणीतरी चित्रातल्या नाकावर क्लिक करतं. तिथला उजेड-सावलीचा छोटा तुकडा संगणक लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक चित्रात तो कुठे सरकला ते शोधतो. नाक उजवीकडे, बाण उजवीकडे. बाण एका जागी क्षणभर थांबला, की क्लिक झालं.

पवईच्या आयआयटीत शिकलेल्या प्रणव मिस्त्रींनी 2009 मध्ये बोटांना रंगीत टोप्या लावून असाच खेळ दाखवला होता, तो काहींना आठवत असेल. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

अडचणी आहेतच. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो आणि बाण भरकटतो, म्हणून त्यांनी पलंग फिरवून घेतला. चेहऱ्यापुढून हात गेला तरी तेच. "डॉक्टरसाहेब, हिला सांगा, मधेच नाक पुसू नको म्हणावं. बाण पळतो!" वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर आधी सर्जनला विचारा. मणका पक्का जुळल्याशिवाय मान फिरवायची नाही. परवानगी मिळाली तरी सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच. मान दुखली, चक्कर आली तर लगेच थांबा. हात थोडाफार उचलता येणाऱ्यांसाठी हाताच्या खुणा ओळखणारी सॉफ्टवेअरही आहेत. पण हवेत हात धरून खांदा लवकर भरून येतो. खांदा आखडलेला असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

निघताना मी विचारलं, "यावर सगळ्यात आधी काय केलंत?"

"बँकेचा पासवर्ड बदलला, साहेब. वर्षभर पोराला सांगून टाकायला लावत होतो."