त्रिपुरीची रात्र आणि भरलेली होडी

२०१९ साली त्रिपुरी पौर्णिमेला उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एका शेतकरी मित्राकडे आम्ही मुक्कामाला होतो. दिवस त्यांच्या उसात गेला. संध्याकाळी मित्र म्हणाले, "साहेब, पलीकडच्या देवळापाशी शोभेची दारू उडते. होडीतून बघायची मजा न्यारीच! वहिनींना आणि पोरीला घ्या, चला."

होडी दहा माणसांची. बसलो आम्ही चौदा. मी मोजले होते, तरी पाहुणा म्हणून गप्प राहिलो. एरवी औषधाचे प्रमाण चुकले तर शिवारात दहा वेळा बजावणारा मी! सौ.ने हळूच विचारले, "अहो, अंगात घालायची ती जाकिटं नाहीत का?" होडीवाले तात्या हसले. "रोजचं पाणी आहे, ताई."

मध्यावर पोचलो आणि पहिला बाण आभाळात फुटला. सगळे एकाच बाजूला उठून उभे राहिले. कडब्याने उंच भरलेली गाडी बांधावर कशी कलंडते, ते तुम्हाला सांगायला नको. होडीचा काठ पाण्याला टेकला, घोट्याएवढे पाणी आत आले. माझी आठ वर्षांची पुतणी काठावर ओणवी होती. सौ.ने तिचा परकर धरला म्हणून ती राहिली. "खाली बसा! जागचं हलू नका!" तात्या ओरडले. बसताच होडी सावरली. दिव्यांच्या घमेल्याने आम्ही पाणी उपसले. कुणी तरी पेट्रोलच्या डब्याशेजारी फुलबाजी लावायला निघाला होता, त्यालाही तात्यांनी दम भरला.

खरी भीती पुढेच होती. दारू संपताच सगळ्या होड्या एकदम निघाल्या. बहुतेकांवर दिवा नव्हता. लखलखाटाने दिपलेले डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे तरी लागतात, आणि होडी हाकणाऱ्याचेही डोळे दिपलेलेच असतात. एक होडी हातभर अंतरावरून सूं करून गेली. या वेळी मात्र मी संकोच सोडला. "तात्या, इंजिन बंद करा. गर्दी जाऊ द्या." अर्धा तास बॅटरी उंच धरून आम्ही तिथेच बसून राहिलो. काही जण कुरकुरले. कुरकुरू देत.

२१ मे २०२४ ला याच फुगवट्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ती बातमी वाचताना सौ.ने वर्तमानपत्र खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही.

आता आम्ही जाकिटे घरून नेतो. पोरीचे तिच्या मापाचे, कारण मोठ्या माणसाचे लहान मुलाला घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. पुतणी आता नववीत आहे. होडीत पाय ठेवण्याआधी माणसे ती मोजते, आणि मोठ्याने मोजते.