पांढऱ्या टाईलच्या मागे

सिव्हिलला ॲडमिशन घेताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्यदिव्य असतं. कुणाला धरण बांधायचं असतं, कुणाला खाडीवरचा पूल. चौथं सेमिस्टर संपल्यावर सुट्टीत माझ्या वाट्याला आलं ते मात्र पाच बाय सात फुटांचं बाथरूम, आणि तेही आमच्याच घरचं! "एवढी फी भरतोय, तर आता घरच्या साईटवर लक्ष ठेव," असं म्हणून बाबांनी मला थेट साईट इंजिनीअर करून टाकलं. पगार : दोन वेळचं जेवण.

गंमत सोडा, प्रकरण गंभीर होतं. नाशिकला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला आमच्या बाथरूममुळे दोन वर्षं ओल येत होती. आधी डाग, मग पोपडे, मग थेंब. दोनदा आम्ही सांध्यांमध्ये व्हाईट सिमेंट भरून घेतलं. दोन्ही वेळा पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा टप टप सुरू! लहानपणी शाळेतून आल्यावर मी ज्यांच्याकडे किल्ली मागायला जायचे, त्याच या काकू. पण मागच्या दिवाळीला ना आमच्या फराळाचं ताट खाली गेलं, ना त्यांचं वर आलं. जिन्यात त्या दिसल्या की आई उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

शेवटी सगळं तोडून नवीन करायचं ठरलं. आईला हव्या होत्या पांढऱ्याशुभ्र, विटेच्या आकाराच्या छोट्या टाईल्स. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सबवे टाईल, एकदम लेटेस्ट!" हे 'लेटेस्ट' चांगलं शंभर वर्षांहून जुनं निघालं. 1904 साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी स्टेशनच्या भिंतींना तीन बाय सहा इंचांच्या पांढऱ्या चकचकीत टाईल्स लावल्या. जमिनीखाली उजेड कमी. पांढरा रंग तो परावर्तित करणार, आणि भिंत पुसली की स्वच्छ. स्टेशनवरून तीच टाईल लोकांच्या न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात शिरली.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. 75 बाय 150 मिलिमीटरची टाईल लावली, तर एक चौरस मीटर भिंतीत साधारण 20 मीटर लांबीचे सांधे येतात. 300 बाय 600 ची मोठी टाईल लावली, तर फक्त 5 मीटर. म्हणजे चौपट सांधे! सांधे चौपट, तर गळतीचा धोकाही चौपट... असं मी मिस्त्रीकाकांना मोठ्या ऐटीत सांगितलं.

काका लातूरकडचे, वीस-बावीस वर्षं हेच काम करणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, हिशोब बराबर हाय. घासायचं काम चौपट वाढंल. पण पाणी अडवायचं काम टाईलचं न्हाई आन् सांध्याचंबी न्हाई. ते मागं करायचं असतंय."

जुन्या टाईल्स निघाल्या तेव्हा याचा अर्थ कळला. काकांनी आधी नाण्याने टाईलवर ठोकून दाखवलं. काही ठिकाणी खणखणीत आवाज, काही ठिकाणी बद्द. बद्द वाजली ती टाईल उचकटली, तर मागे मालाचे फक्त पाच गोळे, बाकी पोकळी. सिमेंटचा सांधा पाणी थोडं थोडं पीत असतो. झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं त्या पोकळीतून खाली उतरत होतं. खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा काळाकुट्ट आणि चिंब ओला! आणि वॉटरप्रूफिंग? नव्हतंच. आम्ही दोनदा व्हाईट सिमेंट भरलं, ते म्हणजे फाटक्या छत्रीच्या दांड्याला पॉलिश!

इथे एक कबूल करायला हवं : मी पक्की कॉन्व्हेंटची. प्लंब बॉब मला माहीत, ओळंबा नाही. ट्राय स्क्वेअर माहीत, गुण्या नाही. ट्रॉवेलला थापी म्हणतात, हेही त्या पंधरा दिवसांत कळलं. पण 'नहाणी ट्रॅप' मात्र आमच्या इंग्रजी टेक्स्टबुकातही 'नहाणी ट्रॅप'च आहे, हे मी सांगितल्यावर काकांना कोण आनंद झाला!

कोबा काढून स्लॅब साफ केला. भिंत आणि स्लॅबचा कोपरा गोलसर करून घेतला, कारण काटकोनात कोट आधी तडकतो. मग सिमेंट-पॉलिमरचे दोन हात. एक आडवा, एक उभा. शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत, बाकी भिंतींना फूटभर. ते वाळल्यावर काकांनी ट्रॅपचं तोंड बंद केलं, दाराशी छोटा बांध घातला आणि पाणी भरलं. "आता 48 तास हात लावायचा न्हाई."

बाबा वैतागले. रविवारी मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी पाहुणे उतरणार होते आणि आमचं बाथरूम एकच! "दोन कोट मारलेत ना? मग नुसतं पाणी भरून दोन दिवस कशाला घालवायचे?"

काका म्हणाले, "साहेब, टाईल लागल्यावर कुणाला दिसणार न्हाई. म्हून तर आत्ता बघायचं."

आता तपासणी खालच्या घरातूनच होणार. मी काकूंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, काही बोलल्या नाहीत, पण स्टूल आणून दिलं. मी छतावरच्या जुन्या डागाभोवती खडूने रेघ मारली. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपाभोवती बांगडीएवढी ओली कड! पाइप स्लॅबमधून जातो, तिथे बारीक फट राहिली होती. पाणी काढलं, पाइपाभोवती खाच घेऊन आकुंचन न पावणारं ग्राउट भरलं, पुन्हा कोट, पुन्हा पाणी, पुन्हा 48 तास. आता बाबा एक शब्दही बोलले नाहीत. या वेळी छत कोरडं राहिलं. काकूंनी स्वतः हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "रविवारी पाहुण्यांना आंघोळीला आमच्याकडे पाठव. आणि आईला म्हणावं, चहाला ये."

पुढचं काम बघण्यासारखं होतं. नवा कोबा भरला, ट्रॅपकडे दर फुटाला पाव इंच उतार देऊन. भिंतीची सुरुवात मात्र खालच्या ओळीपासून नाही! खालची जमीन उताराची, म्हणून पाण्याच्या नळीने लेव्हल काढून दुसऱ्या ओळीच्या खाली एक सरळ पट्टी ठोकली आणि तिथून वर चढत गेलो; खालची ओळ शेवटी, उतारानुसार कापून. भिंतीचा मध्य आधी काढला, म्हणजे दोन्ही टोकांना सारखे तुकडे येतात. टाईल पाठीमागून पूर्ण भरून लावायची, गोळे ठेवून नाही. प्रत्येक ओळ अर्ध्या टाईलने सरकवलेली. विटांच्या स्ट्रेचर बाँडसारखी. मध्ये तीन मिलिमीटरचे स्पेसर. बाबांना टाईलला टाईल चिकटवून हवी होती. पण गरम पाण्याने टाईल फुगते, भिंतही किंचित हलते; जागाच ठेवली नाही तर टाईल उचलणार किंवा तडकणार.

सांधे भरायला एक भिंत काकांनी माझ्यावर सोपवली. ग्राउट टूथपेस्टइतकं घट्ट कालवायचं. रबरी पट्टी सांध्याला तिरकी ओढायची. सरळ ओढली तर भरलेला माल तीच उकरून काढते. स्पंज घट्ट पिळून घ्यायचा, कारण जास्त पाण्याने ग्राउट कमजोर होतं आणि रंग डागाळतो. वॉटर-सिमेंट रेशोचा ग्राफ मी परीक्षेत काढला होता. त्याचा अर्थ त्या स्पंजने शिकवला. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नाही, सिलिकॉन. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, ताणणारी वस्तूच हवी.

पाहुणे आले, खाली आंघोळी करून साखरपुड्याला गेले. बाथरूम आठवड्याने तयार झालं, तेव्हा जो तो टाईलचं कौतुक करत होता. ते दोन कोट आणि ते चार दिवसांचं पाणी कुणाला दिसलं नाही, दिसणारही नाही. एक काकूच तेवढ्या रोज छताकडे बघायच्या.

आता हॉस्टेलमध्ये सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून नंबर लागायची वाट बघत उभे असाल, तेव्हा एक करा. एक रुपयाचं नाणं घ्या आणि भिंतीवरची टाईल वाजवून बघा. खणखणीत वाजली तर जिने लावली त्या अनोळखी हाताला मनातल्या मनात थँक्यू म्हणा. बद्द वाजली तर खालच्या रूममधल्या मित्राला एकदा विचारून या... तुझं छत कसं आहे रे?